अर्ध्या जिभेचं चित्र

आमच्या अभ्यासातला पहिला नियम हा की रक्त काढायचं नाही. ऑपरेशनच्या टेबलावर सगळं लालच लाल असतं, गॉजचे बोळे भिजून जातात, भल्या सर्जनलाही मिनिटभर काही दिसत नाही. पण चित्रात तीच जागा धुऊन-पुसून कोरडी केलेली हवी. धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा. उजेड डावीकडून, वरून. माणसाचा चेहरा काढायचा नाही. अगदीच अडलं तर हिरव्या कापडाखाली झाकून टाकायचा. मला हा सगळा प्रकार पहिल्याच महिन्यात खोटारडेपणाचा वाटला आणि मी तसं वर्गात बोलूनही दाखवलं. आमच्या विभागप्रमुख मॅडम पुण्याच्या. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांचं साधं बोलणंही त्यांना भांडण वाटायचं, त्यात मी तर खरोखरच भांडत होते. त्या म्हणाल्या, "रक्त ज्याला बघायचंय त्याने ऑपरेशन बघावं. चित्र समजण्यासाठी असतं." मला पटलं नव्हतं.

मी अमरावतीची. चित्रकलेची पदवी घेतल्यावर आमच्याकडे दोनच वाटा असतात. शाळेत ड्रॉइंगची बाई व्हा, नाहीतर फ्लेक्सच्या दुकानात बसून पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फोटो कापा. मी काही महिने दुसरं केलं. पुढाऱ्यांचे कान सरळ करता करता माझी उमेद आटत चालली होती, तेवढ्यात अकोल्याच्या एका मेडिकल कॉलेजात वैद्यकीय चित्रकलेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाल्याचं कळलं. मी अर्ज टाकला आणि घेतलंही मला. शरीराची, आजारांची, ऑपरेशनांची चित्रं काढायला शिकायचं. काही डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी, काही पेशंटला समजावून सांगण्यासाठी. नातेवाइकांच्या हे काही केल्या डोक्यात शिरेना. "म्हंजे डॉक्टर होशीन काय?" "नाही." "मंग एक्स-रे काढशीन काय?" आईनं माझ्या लग्नासाठी जो बायोडाटा करून घेतला, त्यात शिक्षणापुढे नुसतं 'मेडिकल' ठेवलं आणि बाकीचं काढून टाकायला लावलं. मी चिडले तर म्हणाली, "खोटं थोडीच हाय? मेडिकलच त हाय."

अकोल्यात मी रमले असं काही म्हणवत नाही. ऊन असं की हॉस्टेलच्या नळाला दुपारी हात लावता येत नसे. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मलीननं डोळे चुरचुरायचे, पाणी थेट कागदावर पडायचं आणि आम्ही एकमेकांना रडूबाई म्हणून चिडवायचो. देहदान केलेली शरीरं असायची ती. एकदा माझ्या वाट्याला एका म्हाताऱ्या बाईचा हात आला. मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं, तुळशीचं असावं. मी स्नायू काढले, शिरा काढल्या आणि वर ते गोंदणही काढलं, कारण ते तिथे होतं. मॅडमनी खोडरबर घेतलं आणि स्वतःच्या हातानं पुसून टाकलं. "हा हात कोणाचाही वाटला पाहिजे," त्या म्हणाल्या. मला त्या बाईची फार कीव आली. मरून हात दिला आणि आम्ही तिचं एवढंसं तुळशीचं रोपही ठेवलं नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवू लागले. सर्जनच्या खांद्यामागे स्टूल ठेवायचं, त्यावर उभं राहायचं, कशालाही हात लावायचा नाही आणि भराभर कच्ची चित्रं काढायची. पक्की नंतर, टॅबलेटवर. जो भाग काढून टाकायचा त्याच्याभोवती ठिपक्यांची रेघ मारायची. रेघेच्या आतलं जाणार, बाहेरचं राहणार. ही रेघ आम्ही इतक्या वेळा मारली की पुढे पुढे मला भाजी चिरतानाही ठिपके दिसायचे. सर्जन आमच्या चित्रात आधी ती रेघच बघायचे, बाकी सगळं मागाहून.

माझा प्रकल्प तोंडाच्या कॅन्सरवरचा होता. तो मी निवडला याचं कोणालाच नवल वाटलं नाही. आमच्याकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर पानठेला आणि प्रत्येक ठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. लग्नात, मौतीत, परीक्षेच्या निकालाला, काही कारण नसताना. मास्तर खातात, कंडक्टर खातात, डिसेक्शन हॉलचा शिपाईही खायचा. ज्यांना फारसं वाचता येत नाही अशा माणसांना आजार ओळखता यावा म्हणून पोस्टर, आणि ऑपरेशनच्या आधी त्यांच्या तोंडातलं नक्की काय जाणार ते दाखवणारी चित्रं, असं दोन भागांचं माझं काम होतं.

पेशंटसाठीचं चित्र झालं की आधी एखाद्या साध्या माणसाला दाखवून बघायचं, ही आमच्या कामाची पद्धत. "समजलं का?" असं विचारायचं नाही, भिडेखातर लोक मान डोलावतात. "काय दिसतं?" एवढंच विचारायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माझा साधा माणूस म्हणजे बाबा. शनिवारी अकोल्याहून गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरायचं, ऑटोनं घरी जायचं, जेवायचं आणि बाबांसमोर कागद पसरायचे. ते मनापासून टिंगल करायचे. यकृताला त्यांनी चपटं वांगं म्हटलं होतं. अन्ननलिकेचं चित्र पाहून म्हणाले, "हा पाइप कोन बसोला? सरळ बी नाई." पण त्यांच्या बोलण्यात कुठेतरी नेमकं असायचं आणि मी सोमवारी जाऊन चित्र सुधारायचे.

बाबा फळबाजारात एका अडत्याकडे हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. वरूडकडून संत्र्याच्या गाड्या आल्या, ढीग लागले की बाबा ढिगाला पाय टेकवून उभे राहायचे आणि बोली सुरू व्हायची. आकडा, मालाची तारीफ, समोरच्या व्यापाऱ्याची टिंगल, परत आकडा, सगळं एका दमात. मध्ये श्वास कुठे घेतात ते लहानपणी मी शोधत बसायचे. बाबा पुकारायला उभे राहिले की शेजारच्या अडतीवरचे हमालही ऐकायला यायचे. आंबिया बहार असो की मृगाचा, दोन्ही हंगामांत त्यांचा गळा बसायचा, आई हळदीचं दूध द्यायची आणि सकाळी तो गळा परत बाजारात हजर. माझ्या बाबांना दुसरं काही येत नव्हतं. शेती नव्हती, शिक्षण नव्हतं, होती ती जीभ. आणि त्या जिभेच्या डाव्या बाजूला दिवसभर खर्रा.

त्या रविवारी मी पोस्टरचा पहिला कच्चा आराखडा घेऊन गेले होते. जीभ गॉजनं धरून एका बाजूला ओढलेली आणि तिच्या कडेवर पांढुरका, उंच कडांचा चट्टा. बाबा नाश्ता करून बाजेवर बसले होते. मी कागद हातात दिला आणि विचारलं, "काय दिसते?"

मी टिंगलीची वाट पाहत होते.

"हे मले हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत. "बाबा, नीट सांगा नं."

"नीटच सांगून राह्यलो. हे असंच मले हाय. अथी."

त्यांनी गालावर बोट ठेवलं. मी तोंड उघडायला लावलं तर ते पुरतं उघडेना. दोन बोटं आत जाईनात. फोनचा टॉर्च लावून पाहिलं. जे मी पुस्तकं पाहून काढलं होतं ते तिथे होतं, डाव्या कडेला, दाढेच्या आड. माझ्या चित्रातलं जरा जास्तच पांढरं झालं होतं. हे मी का सांगते, तर माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की रंग चुकला. दुसरं आलं ते हे, की हे तोंड बाबांचं आहे. "कधीपासून?" विचारलं तर म्हणाले, "दिवाळीपासून असंन. दाढ लागते म्हनलं." आईनं आतून ओरडून सांगितलं की तोंड आलंय, तिनं गुलकंद दिलाय, उतरेल. मी आईवर इतकी ओरडले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

तुकडा तपासायला दिला, रिपोर्ट आला, आणि आमच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात, ज्यांच्या खांद्यामागे मी स्टूलवर उभी राहायचे, त्याच सर्जनसमोर मी पेशंटची मुलगी म्हणून बसले. ते सरळ बोलले. ऑपरेशन करायचं आणि लवकर करायचं. जिभेचा अर्धा भाग जाईल, मानेतल्या गाठी जातील. आत गेल्यावर आजार मुळापर्यंत पोचलेला निघाला तर पूर्ण जीभ काढावी लागेल, मग बोलणं राहणार नाही. नाही केलं तर बाबा वर्ष काढतील असं त्यांना वाटत नव्हतं. हे त्यांनी मला आणि आईला सांगितलं. बाबा बाहेर बाकावर बसून कोणाला तरी संत्र्याचा भाव सांगत होते.

बाहेर पडायच्या आधीच आईनं माझा दंड धरला. "त्यांले नको सांगू."

"काहून नको?"

"हाय खातीन. तथीच मरतीन. गाठ हाय म्हन. खरवडून काढतीन म्हन."

"आई, मी शिकून काय राह्यली? हेच शिकून राह्यली. मानसाले त्याचं त्याले दाखवाव म्हनून."

"ते परक्यायसाठी शिक," आई म्हणाली. "घरच्यासाठी नाई."

मला भयंकर राग आला. आईचा आला, त्याहून जास्त या सगळ्या रीतीचा आला. आमच्याकडे ज्याला आजार होतो त्याला सोडून सगळ्या गावाला कळतो. आत्याला माहीत, अडत्याला माहीत, दूधवाल्याला माहीत. आणि ज्याच्या तोंडात तो वाढतोय तो माणूस सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसलेला. त्यातच मामा कुठल्याशा गावचा झाडपाला घेऊन आले. तो लावून पाहू, महिनाभरानं बघू, एवढी घाई कशाला, असं रोज चाललं. मी अकोल्याहून फोनवर भांडत होते आणि तिकडे आठवडे जात होते. ते आठवडे मी आजही कोणाला माफ केलेले नाहीत.

शेवटी बाबांनीच तोंड फोडलं. एका रविवारी जेवताना त्यांनी घास ताटात ठेवला. गिळायला त्रास व्हायला लागला होता. म्हणाले, "तोंड माह्यं अन् कुजबुज तुमची. हे काय चालू हाय?" आई भाकरी घेऊन तशीच उभी राहिली. मामांनी नजर खाली घातली. बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग. नाई, सांगू नको. काढून दाखव. दुसऱ्याच्या हातचं मले समजत नाई."

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वडिलांसाठी तू काढू नकोस. हात थरथरेल." मी म्हणाले, नाही थरथरणार. मॅडम अगदी शिकवल्यासारखं म्हणाल्या, "मग दोन्ही काढ. सर्जननी दोन शक्यता सांगितल्यात. एकच काढलीस तर ती थाप होईल." मी दोन्ही काढली. हात खरंच थरथरला नाही, आणि याची मला नंतर बरीच लाज वाटली. पहिल्या कागदावर जीभ मधोमध, डाव्या अर्ध्या भागाभोवती ठिपके. दुसऱ्यावर जीभच नव्हती. तोंडाच्या तळाशी छातीतून आणून शिवलेला मांसाचा तुकडा होता. तो खड्डा भरतो, हलत नाही. रक्त कुठेच नव्हतं. दोन्ही चित्रं नीटनेटकी होती.

घरी आईनं दुसरा कागद पाहिला. तिला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. "हे दुसरं नको दाखवू," ती म्हणाली. "माह्या गळ्याची आन हाय तुले." मी म्हणाले, दोन्ही दाखवीन. ती आत गेली आणि भांडी घासत राहिली, घासलेलीच परत घासत राहिली.

बाबांनी पहिला कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग विचारलं, "हे ठिपक्यायच्या आतलं जाईन?"

"हो."

"हे राहीन?"

"हो."

"अर्ध्या जिभेनं हर्रास होते," ते म्हणाले. "आवाज त गळ्यातून येते." आणि त्यांनी जीभ दातांत धरून, उरलेल्या शेंड्यानं बोली पुकारून दाखवली. शब्द सगळे बोबडे आले. एका व्यापाऱ्याची नक्कलही केली. आई आतून येऊन हसली, हसता हसता तोंडाला पदर लावून परत आत गेली. मलाही हसू आलं. त्या घरातलं ते शेवटचं खरं हसू असावं, आणि ते बाबांनीच आणलं होतं.

मग मी दुसरा कागद दिला. "आतमधी जास्त निघालं तर हे करा लागते," मी म्हणाले.

बाबांनी तो पाहिला. त्यांची नजर वरून खाली गेली आणि परत वर आली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. काय दिसते, असं मी त्या वेळी विचारलं नाही. त्यांनी कागद बाजेवर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

"हे तू मले दाखोलं नाई."

"बाबा, दाखवलं मी."

"नाई दाखोलं. हे म्या पाह्यलं असन त मी दवाखान्यात पाय नाई ठेवत. घरीच राह्यतो. समजली?"

मला समजलं. हा माणूस जगायला तयार होता, पण तो कागद बघून नाही. मी काय करायला हवं होतं ते आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं. अकोल्याला भरती झाल्यावर मी सर्जनना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी स्वतः बाबांना विचारलं, की गरज पडली तर पूर्ण काढावी लागेल, चालेल ना? बाबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमी तुमचं पाहा," आणि सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मला आत जाऊ देणं शक्यच नव्हतं आणि मी मागितलंही नाही. स्टूलवर माझ्या वर्गातला एक जण उभा होता, धामणगावचा. वर्गात चांगला हात त्याचाच. त्याची पाळी होती. तो बदलून घ्यायला तयार होता, पण मीच म्हटलं, तूच उभा राहा, दुसरा कोणी असण्यापेक्षा तू बरा. मी आणि आई बाहेरच्या बाकावर. आईनं घरून डबा आणला होता, तो उघडलाच नाही. बाजूला मूर्तिजापूरहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांचा माणूस दुसऱ्या थिएटरमध्ये होता. त्यातली बाई आईला विचारत होती की तुमचं काय, आणि आई सांगत होती, "काई नाई, गाठ हाय."

दुपार कलली तेव्हा धामणगावचा बाहेर आला. पाणी प्यायला आला होता. टोपी, मास्क गळ्यात, काखेत स्केचबुक. आम्ही इथेच बसलोय हे त्याच्या लक्षात नसावं. मला बघितल्यावर त्यानं स्केचबुक दुसऱ्या काखेत घेतलं. मी उठले आणि हात पुढे केला. तो म्हणाला, "अजून चालू हाय. सर सांगतीन तुले." मी हात मागे घेतला नाही. त्यानं दिलं.

पानं उलटली. चांगलं काम होतं. जबडा मधोमध उघडलेला, हत्यारं जागच्या जागी, कोरडी, स्वच्छ जागा, उजेड डावीकडून. चेहरा कापडाखाली. माझे बाबा कुठेही नव्हते. पहिल्या पानावर ठिपके माझ्या चित्रातल्यासारखेच, मधोमध. त्यानंतरच्या पानावर ते जिभेचा मध्य ओलांडून पलीकडे गेले होते. त्याच्यापुढच्या पानावर ठिपके सगळीकडून फिरून परत पहिल्या ठिपक्याला येऊन मिळाले होते. कोणी काही सांगायच्या आधी मी ते वाचलं. तेवढं मला येत होतं, दोन वर्षं तेच शिकले होते. मी वही मिटून त्याला परत दिली आणि म्हणाले, "छान काढलं." तो रडायला लागला आणि तसाच आत गेला.

आई उभी होती. "काय लिवलं होतं?"

"लिवलं नाई. काढलं होतं."

"काय?"

"आई, सगळी गेली."

ती खाली बसली, बाकावर नाही, फरशीवर. मूर्तिजापूरच्या बाईनं पाणी दिलं, तिनं ते हातात धरून ठेवलं. मला वाटलं, आता ती मला शिव्या देईल, दुसरा कागद काढलास म्हणून असं झालं म्हणेल. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "त्यांले आत्ता नको सांगू. सूज हाय म्हन." भांडायला माझ्यात जीवच उरला नव्हता.

बाबांना शुद्ध आली तेव्हा एकेकाला आत सोडत होते. मी आधी गेले. गळ्याला भोक पाडून नळी, नाकात नळी, ओठांवर आणि छातीला पट्टी, चेहरा सुजून दुसऱ्याच माणसाचा झालेला. डोळे तेवढे त्यांचे होते. त्यांनी मला ओळखलं. मग सलाइन नसलेला हात उचलून तळवा आडवा धरला, दुसऱ्या हाताचं बोट कसंबसं आणून तळव्याच्या मधोमध ओढलं, आणि भुवया वर केल्या.

अर्धी?

सूज आहे, असं म्हणता आलं असतं. आईनं तेच सांगितलं होतं. पण हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता, आणि मला विचारला होता तो मी सांगेन म्हणूनच. मी वाकून म्हणाले, "नाई, बाबा. सगळी काढा लागली."

त्यांनी डोळे मिटले. कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. मी ते पुसलं नाही. छाती हलत होती, नळीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, बाकी काहीच आवाज नव्हता. ज्या माणसाची बोली ऐकायला हमाल हातातली पेटी ठेवून यायचे तो रडत होता आणि शेजारच्या खाटेवरच्याला पत्ता नव्हता. मला कोणाचा तरी गळा धरावासा वाटला. कोणाचा, ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं बाबांनी डोळे उघडले. दाराच्या काचेतून आईची साडी दिसत होती. त्यांनी तिकडे बोट केलं, मग तेच बोट ओठांवरच्या पट्टीवर ठेवलं आणि हात नाही-नाही असा हलवला. मला कळलं नाही असं वाटून त्यांनी परत केलं, जोरात. तिले नको. तिले सांगू नको.

मी हो म्हणून मान हलवली. आई बाहेर डोळे पुसून, तोंडावर पाणी मारून, केस नीट करून आत यायच्या तयारीत उभी होती.

पुढे वॉर्डात आणलं. आई नाकातल्या नळीतून सिरिंजनं पातळ वरण द्यायला शिकली आणि देताना सारखी बोलत राहायची. अडत्याचा फोन आला होता, तुमची वाट पाहून राह्यले. सूज उतरली की पहिले थोडं थोडं बोलसान, घाई नाई करा. यंदा आंबिया बहार चांगला हाय म्हनतात. बाबा मान डोलवायचे. कधी अंगठा वर करायचे. ती वळली की त्यांचा अंगठा पांघरुणावर पडायचा आणि तसाच पडून राहायचा. आणि ते झोपले की आई बाहेर जिन्यात जाऊन रडायची, तोंडात पदर कोंबून. दोघंही एकमेकांना सांभाळत होती आणि दोघांनीही ते माझ्यावर सोपवलं होतं. पेशंटला सगळं स्पष्ट दिसावं म्हणून केलेला माझा प्रकल्प त्याच आठवड्यात जमा व्हायचा होता. मी तो जमा केला. मार्क चांगले पडले.

घरी सोडायच्या सकाळी आई पिशव्या भरत होती, बाबा उशीला टेकून बसले होते आणि मी औषधं लावत होते. आई एकदम थांबली आणि त्यांच्या देखतच मला म्हणाली, "का वं, बोलतीन नं हे हळूहळू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई माझ्याकडेच पाहत होती. तिला सगळं माहीत होतं आणि त्यांनाही. दोघांचीही खात्री होती, की दुसऱ्याला माहीत नाही.

"बोलतीन नं," मी म्हणाले. "सूज त उतरू दे."

आईचा चेहरा उजळला. तिनं पदरानं बाबांची हनुवटी पुसली. "पाहा," ती त्यांना म्हणाली, "पोरगी बी तेच म्हनते. तिले त खोटं बोलताच येत नाई."

बाबांनी मान डोलावली.